तपकीर गल्लीतला मिक्सरवाला : कामाला पूर्ण मार्क, बोलण्याला काठावर पास

मिक्सर लावल्यावर जळका वास येत असेल, खालच्या फटींतून निळ्या ठिणग्या दिसत असतील किंवा मशीन नुसतंच गुणगुणत असेल आणि पातं जागचं हलत नसेल, तर नवा घ्यायच्या आधी एकदा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन या. पासोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूने आत शिरलात की दोन्हीकडे दिव्यांच्या माळा, स्विचबोर्ड, वायरींची भेंडोळी आणि रस्त्यावर आलेली पंख्यांची खोकी लागतात. या सगळ्या झगमगाटात एका जिन्याखाली, पाटी नसलेलं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि छतापर्यंत रचलेले लोकांचे मिक्सर.

नाव देत नाही. "तुमच्याबद्दल लिहू का?" असं मी रीतसर विचारलं होतं. मालक मान वर न करता म्हणाले, "लिहा की. नाव तेवढं घालू नका. आहे तेच उरकत नाही." पुण्यात याला जाहिरात म्हणतात.

आता मिक्सरविषयी. आमचा जुना मिक्सर सासूबाईंनी १९८६च्या दिवाळीआधी घेतलेला. सुमीत नव्हे. सुमीत तेव्हा परवडत नव्हता, म्हणून त्याच्या लाटेत निघालेल्या कुठल्याशा कंपनीचा. ती कंपनी कधीच बंद झाली. पांढरा होता, आता साजूक तुपाच्या रंगावर गेलाय. वजन असं की ओट्यावरून हलवायचा तर दोन्ही हात लागतात. तो माळ्यावर गेला, कारण आम्ही सेलमध्ये नवा घेतला: काळा चकचकीत, स्पर्शाची बटणं, आकडे दाखवणारा. हा नवा दुसरी दिवाळी बघायच्या आत बसला. सर्व्हिस सेंटरवर सांगितलं, आतलं कार्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेलंय, कार्ड सुटं मिळत नाही, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. वर त्यांनीच मार्ग सुचवला की तेवढ्यात थोडी भर घातली तर नवाच येतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच गोष्ट तीन वेगवेगळ्या कंपन्यांबद्दल माझ्या तीन मैत्रिणींनी सांगितली आहे.

तर जुना माळ्यावरून खाली आला, थोडे दिवस चालला आणि ठिणग्या टाकायला लागला. मग घरात जी सभा भरली ती लिहिण्यासारखी आहे.

सासूबाई, वय ७८, म्हणाल्या, "भंगारवाल्याला दे आणि मोकळी हो."

मुलगी, वय २०, डिझाइन शिकते, ती म्हणाली, "आजी, हेरिटेज आहे हा! याचा फॉर्म बघ ना." तिने त्याचे फोटो काढून आधीच टाकले होते आणि त्याला लाइकही बरे पडले होते.

मी सहकारी बँकेत हिशेब तपासते. मी दुरुस्तीचा अंदाजे खर्च, नव्याची किंमत आणि नवा किती वर्षं टिकेल याची शंका, तिन्ही कागदावर मांडली. माझा कागद कुणी बघितला नाही.

हे उलटं का झालं, याचा मी नंतर बराच विचार केला. ज्यांनी वस्तूंशिवाय दिवस काढले ते वस्तूंना जपतात आणि पोरं फेकून देतात, असं आपण लग्नाकार्यात एकमेकांना सांगत असतो. आमच्या घरी वस्तू जपायचा सोस पोरीला, फेकायची घाई म्हातारीला. आणि म्हातारीचं म्हणणं पटण्यासारखं आहे. त्या नारायण पेठेत वाड्यात लग्न होऊन आल्या तेव्हा घरात चौदा माणसं होती आणि एक पाटा. खोबऱ्याचं वाटण पाट्यावर, लसणीची चटणी पाट्यावर, होळीला पुरणही पाट्यावर. पाटा गुळगुळीत झाला की दारावर येणाऱ्या बाईकडून छिन्नीने टाकवून खडबडीत करून घ्यायचा आणि मग पहिले दोन दिवस वाटणात खडीची कचकच, म्हणून आधी तांदूळ वाटून टाकायचे. "पाट्यावरची चव काही वेगळीच हो," असं कुणी पाहुण्याने म्हटलं की त्या अजून उजवं मनगट पुढे करतात. "चव तुमच्या जिभेला लागायची, पाटा माझ्या मनगटाला."

त्यामुळे १९८६चा मिक्सर त्यांच्या लेखी एक पायरी आहे. चढलो, संपलं. ज्याने त्यांचं मनगट वाचवलं त्या यंत्राचे त्या मनापासून उपकार मानतात, पुरण मिक्सरमधून काढतात आणि पुरणयंत्र फिरवणाऱ्या जावेकडे दयेने बघतात. पण उपकार मानायचे म्हणजे ते धूड आयुष्यभर ओट्यावर ठेवायचं, हे त्यांना मंजूर नाही. आज याहून हलका, कमी आवाजाचा मिळतो ना? मग तो आणा. पाट्याचं कौतुक ज्याने पाटा ओढला नाही त्याला, हे मी त्यांच्याकडून ऐकत आले आहे. आता ते मिक्सरलाही लागू झालं.

शेवटी मी मिक्सर पिशवीत घातला. सासूबाई बरोबर आल्या; दुरुस्तीत त्यांना रस नव्हता, मेट्रोत होता. मुलगी आली कारण तिला गल्लीचे फोटो हवे होते.

मेट्रोने जाणाऱ्यांसाठी: वनाज मार्गाने आलात तर जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून स्वारगेटकडची गाडी धरायची आणि मंडईला उतरायचं. हा भुयारातला टप्पा २९ सप्टेंबर २०२४ला सुरू झाला. मंडईत गाडी कुठे लावायची हा जो पुणेकरांचा जन्मजात प्रश्न, तो यामुळे निदान पिशवी घेऊन जाणाऱ्यापुरता सुटला आहे. फक्त तपासणीला वेळ धरा. आमची पिशवी यंत्रातून गेली तशी पडद्यावर मोटर दिसली आणि सुरक्षारक्षकाने ती उघडायला लावली.

"काय आहे?"

"मिक्सर."

"चालू आहे?"

"चालू असता तर फिरायला आणला असता का?" सासूबाईंनी विचारलं. त्याने सोडलं.

जिल्हा न्यायालय स्थानकाचा भुयारी भाग जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. एकामागून एक सरकते जिने उतरताना सासूबाई दोन्ही बाजूंना बघत होत्या आणि मुलगी हातातल्या मोबाइलकडे. खाली पोचल्यावर मुलीने तक्रार केली की गाडी बदलण्यात उगाच वेळ जातो. सासूबाईंनी तिला काही सुनावलं नाही. "हिला गाडी बदलावी लागते," एवढंच मला म्हणाल्या आणि खिडकीतून भुयाराची भिंत बघत बसल्या, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

आता दुकान. मालक सत्तरीच्या आसपास, चष्मा दोरीला बांधलेला. शेजारी मुलगा, तिशीचा, त्याच्यासमोर भिंग लावलेला दिवा आणि सोल्डरिंगची सामग्री. गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, ते सासूबाईंना मिळालं. "बसा मावशी," हे मालकांचं त्या दिवसातलं सर्वांत लांब स्वागत.

सगळ्यात आधी त्यांनी मिक्सर उलटा करून तळाचं लाल बटण दाबलं. हे लक्षात ठेवा. मोटरवर ताण आला की आतलं ओव्हरलोडचं बटण बाहेर येतं आणि मशीन बंद पडतं; गार होऊ द्यायचं, बटण आत दाबायचं, झालं. मालक म्हणाले, निम्मे लोक एवढ्यासाठी येतात. त्याचे ते पैसे घेत नाहीत, पण बघतात अशा नजरेने की पैसे दिलेले परवडतील.

आमचं दुखणं तेवढ्यावर सुटणारं नव्हतं. मग सिरीज दिवा आला: एका लाकडी फळीवर शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब, त्याच्या मागून मिक्सरला वीज द्यायची. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेढे, आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, तुटलेलं असेल तर पेटतच नाही, ठीक असेल तर मंद राहतो. आमचा बल्ब मंद लागला आणि लुकलुकायला लागला. मालकांनी वायर काढली. "कार्बन गेलेत. वाइंडिंग ओरिजिनल आहे, त्याला काही होत नाही."

पुढचं काम त्यांनी आमच्यासमोरच केलं, आणि या दुकानाला पैसे कशाचे द्यायचे ते तिथे कळतं. चार स्क्रू काढून खालची बैठक वेगळी केली. आत इतक्या वर्षांची हळद, पीठ आणि तेल यांचा थर. तो ब्रशने झाडून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, बाहेर काढलं. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कडं असतं, कम्युटेटर. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी कार्बनचे तुकडे टेकलेले राहतात आणि त्यांच्यातून फिरत्या भागाला वीज मिळते. मिक्सर मिनिटाला हजारो फेरे फिरतो, म्हणजे ते कार्बन अखंड घासले जातात. झिजून आखूड झाले की मागची स्प्रिंग नीट दाबत नाही, मध्ये फट पडते, ठिणगी उडते, आणि ठिणगीने कडं खराब होतं. आमचे कार्बन झिजून शेंगदाण्याच्या पाकळीएवढे उरले होते. मालकांनी ते कागदावर ठेवून आम्हाला दाखवले, शेजारी नवी जोडी ठेवली. मग झिरो नंबरचा पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून कडं हळूहळू उजळलं, दोन पट्ट्यांमधल्या फटी एका पातळ पात्याने कोरून साफ केल्या, दोन्ही बुशांना, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्यांना, तेलाचा एकेक थेंब दिला. जास्त तेल घालणाऱ्यांबद्दल त्यांचं मत वाईट आहे.

हे चालू असताना सासूबाई म्हणाल्या, "मला तेव्हा सुमीत हवा होता." आणि हा माणूस पहिल्यांदा बोलता झाला. सुमीतची गोष्ट त्यांनी सांगितली ती खरी आहे, आणि ऐकण्यासारखी आहे. सीमेन्समध्ये सत्यप्रकाश माथूर नावाचे इंजिनिअर होते. घरात जर्मन ब्राउन मिक्सर. तो बिघडला आणि इथे दुरुस्त करून मिळेना. तिकडची यंत्रं मुळात आपल्या वाटणासाठी केलेलीच नव्हती. भिजलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. पत्नी माधुरी माथूर यांनी नवऱ्याला सांगितलं, तूच कर. त्यातून १९६३ साली कंपनी उभी राहिली आणि आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशा दमाच्या मोटरचा मिक्सर आला. "दुरुस्तीला माणूस असता तर सुमीत निघालाच नसता," मालक म्हणाले. स्वतःच्या धंद्याविरुद्ध जाणारं हे वाक्य त्यांनी इतक्या सहज टाकलं की मुलाने भिंगातून वर बघितलं.

मला हा मुद्दा फार आवडला. एका बाईने ओट्यावर अडल्यामुळे हट्ट धरला, आणि त्याची फळं आमच्या नारायण पेठेतल्या मनगटाला मिळाली, तीही मूळ कंपनीकडून नाही, नकलेतून. आज सेलच्या दिवशी आपण काय काय मागवतो, त्यातलं कुणाच्या अडचणीतून निघालंय हे आठवून बघा. स्पर्शाची बटणं कुणी मागितली होती? ओला हात लागला की ती चालत नाहीत, आणि स्वयंपाकघरात हात कोरडा कधी असतो?

पण मालक जुन्याचे भक्त आहेत असं समजू नका. मुलाच्या टेबलावर मिक्सर नव्हतेच. इंडक्शन शेगड्या आणि बीएलडीसी, म्हणजे कार्बनशिवाय चालणाऱ्या मोटरच्या, पंख्यांची कार्डं होती. साधा छताचा पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी साधारण तीस-पस्तीसमध्ये भागवतो. मालकांनी स्वतःच्या घरी सगळे बदलून घेतलेत. "वाइंडिंगचं काम कमी झालं माझं," म्हणाले, "पण बिल बघा की." मालकांची एक वही आहे, तिच्यात कुठल्या मोटरला किती नंबरची तार आणि किती वेढे, हे पेन्सिलने लिहिलेलं. मुलाने त्या वहीची पानं मोबाइलवर उतरवून घेतलीत आणि तो जगातल्या कुठल्याही कार्डाची आकृती त्याच मोबाइलवर शोधतो. त्याची खरी चिडचिड एकाच गोष्टीवर: कार्डावर रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारी राळ, ओतून ते बंद करतात. ओलाव्यापासून बचाव होतो हे त्यालाही मान्य आहे, पण चार रुपयांचा भाग बदलायला आत शिरताच येत नाही. सरकारने २४ डिसेंबर २०२२ला 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, हे त्याला माहीत होतं. "पोर्टलवर कंपनीचा नंबर मिळतो काकू," तो मला म्हणाला, "रेझिन निघत नाही."

माझी मुलगी मात्र तिथे बदललेली दिसली. फोटो काढायचं विसरून ती त्या मुलाला प्रश्न विचारत बसली. घरी आजीने वस्तूंबद्दल काही सांगितलं की तिचे डोळे मोबाइलकडे जातात. इथे कुणी काही शिकवत नव्हतं, म्हणून बहुधा. बाकी तिच्या जुन्याच्या प्रेमाबद्दल मला शंका आहेच. तिला चेतक स्कूटर हवी आहे, विजेवरची, जानेवारी २०२०मध्ये आलेली, कारण ती 'रेट्रो' दिसते. सासऱ्यांनी मूळ चेतकसाठी नंबर लावला तेव्हा गाडी मिळायला वर्षंच्या वर्षं लागली होती. ज्या गाडीची वाट बघून ते वैतागले, तिची नक्कल ही आता बटण दाबून मागवणार.

आणि इथे सासूबाईंनी कमाल केली. आमचा मिक्सर टेबलावर उघडा पडलेला असताना त्या स्टुलावरून उठल्या, शेजारच्या दुकानात जाऊन आल्या आणि मालकांनाच विचारलं, "साडेसातशे वॉटचा घेऊ का? तुमच्या मते कुठला बरा?"

दुसरा कुणी असता तर दुखावला असता. मालकांनी हातातलं काम थांबवून नीट सल्ला दिला, तोच इथे उतरवते. वॉटचा आकडा बघून भुलू नका. वाइंडिंग तांब्याचं आहे का ते विचारा. कार्ड नसलेला, गोल फिरवायच्या खटक्याचा घ्या. त्याचे कपलर (मोटर आणि भांडं जोडणारे), बुश आणि वॉशर सुटे मिळतात का ते दुकानदाराला तिथेच काढून दाखवायला सांगा. नुसतं "मिळतं हो" यावर जाऊ नका. तळाच्या पट्टीवर सलग किती वेळ चालवायचा ते लिहिलेलं असतं, ते वाचा, कारण मोटर जळते ती पुरणाच्या दिवशी. भांड्यातून वाटणाला काळपट कड यायला लागली तर पात्याखालचा बुश गेलाय, ते वाटण खाऊ नका.

सासूबाईंनी हे सगळं ऐकलं, परत गेल्या आणि पेन्शनच्या पैशांतून नवा घेऊन आल्या. त्यांनी पहिला मिक्सर घेतला तेव्हा घरच्यांची परवानगी घ्यावी लागली होती, भिशीही फुटायची होती. यावेळी त्यांनी मोबाइलवरून पैसे दिले आणि दुकानातल्या, पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डबीने रक्कम मोठ्याने वाचून दाखवली ती दोनदा ऐकावीशी वाटली, म्हणून दुकानदाराला विचारलं, "परत म्हणते का हो ती?"

दुरुस्तीचे साडेतीनशे झाले: कार्बनची जोडी, साफसफाई, एक भांड्याचा बुश, दोन वॉशर. पावती म्हणजे जाड कागदाचा तुकडा आणि त्यावर आकडा. गॅरंटी तोंडी: "वास आला तर घेऊन या." आम्ही आमच्यासमोर काम करून घेऊ शकलो ते वार मधला होता म्हणून, एरवी ठेवून जावं लागतं आणि ते सांगतील त्या दिवशी मशीन तयार असतं असं नाही. फोन उचलत नाहीत. मुलगा उचलतो, पण तो मिक्सरचं सांगत नाही, "बाबांना विचारा" म्हणतो. काही स्वस्त मशीन्स बघताक्षणी परत करतात, कारणही देत नाहीत. माझ्या मते हे चुकीचं आहे. माणूस पिशवी घेऊन लांबून येतो, त्याला दोन शब्द कळायला हवेत.

जुना मिक्सर आता उत्तम चालतो. आवाज पूर्वीचाच, म्हणजे खालच्या मजल्यावर कळतं की आमच्याकडे चटणी आहे. तो मुलीच्या वाट्याला आला; ती मैत्रिणींबरोबर राहते तिथे घेऊन गेली. पहिल्या आठवड्यात तिने त्याच्यावर कौतुकाने लिहिलं, मग फोनवर विचारलं की झाकण सारखं हाताने दाबून का धरावं लागतं. दाबूनच धरावं लागतं, मी सांगितलं. अजून तरी तिने तो काढून टाकलेला नाही. सासूबाईंच्या नव्याला झाकणाला कुलूप आहे आणि त्या ते लावून बाजूला पेपर वाचतात.

जाणार असाल तर दिवाळीआधीचा महिना टाळा, तेव्हा भाजणीवाले रांगेत असतात. मशीनबरोबर सगळी भांडी न्या, कारण निम्म्या वेळा दोष भांड्यात असतो. आणि ती धुऊन न्या. आमच्या पुढच्या बाईंनी आणलेल्या भांड्यात लसणीची चटणी तशीच होती. मालकांनी ते बघितलं, झाकण लावलं, टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मंडईत नळ आहे."